पूर्ण बाह्यांचा उमेदवार

परदेशात शिक्षक म्हणून जायचे असेल तर टॅटू नेमका कधी गोंदवून घ्यावा, असा प्रश्न मला अलीकडे वारंवार विचारला जातो आणि माझे उत्तर ठरलेले आहे : अर्ज पाठवल्यानंतर, पण मुलाखतीच्या आधी. त्या दिवसांत खपली धरलेली असते, खाज ऐन भरात आलेली असते आणि हात न लावता बसून राहण्याच्या प्रयत्नात उमेदवाराच्या चेहऱ्यावर संयमाचे असे काही तेज येते, की जे बी.एड.च्या दोन वर्षांत कोणत्याही महाविद्यालयाला आणता आलेले नाही.

हा सल्ला सोलापुरातून दिला जातो आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण या विषयातला अधिकार आम्हाला यात्रेतूनच मिळालेला आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो आणि होम मैदानावर ‘गड्डा’ म्हणून ओळखली जाणारी जत्रा भरते. तिथे पाळणे आणि भज्यांच्या गाड्या यांच्यामधल्या बोळात बॅटरीवरचे यंत्र घेऊन गोंदणारा बसलेला असतो. त्याच्यापुढच्या पुठ्ठ्यावर त्रिशूळ, बदाम, विंचू, मोर आणि ‘आई’ अशी सगळी नमुनेवही मांडलेली असते. बोट ठेवाल ते चित्र पाच-दहा मिनिटांत हातावर उमटते, वरून हळद फासली जाते आणि तुम्ही हात झटकत उठेपर्यंत तो पुढच्या हाताला लागलेला असतो. हेच काम वातानुकूलित दुकानात खुर्चीवर रेलून करून घेतले, की त्याला टॅटू म्हणतात. सुई त्वचेच्या वरच्या थराखाली शाई सोडते, हे दोन्हीकडे सारखेच. बिलात मात्र फरक पडतो. गड्ड्यात बसलात तर सुई बदलली का, असे विचारण्याचा उद्धटपणा करू नका. दुबईला गेल्यावर निवासी परवान्यासाठी रक्त तपासतात, एचआयव्हीची चाचणीही होते; तेव्हा कळेलच.

आता परदेशच का, हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारणार नाही, कारण उत्तर सगळ्यांना पाठ आहे. राज्यात प्राथमिक शाळेच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झाले, तेव्हा आपल्याकडे पेढे वाटले गेले. ज्यांना ते सोळा हजारही दूरच राहिले, ते विनाअनुदानित शाळेत गेले. तिथल्या संस्थाचालकांच्या एका गुणाचे कौतुक केलेच पाहिजे : उमेदवाराच्या दंडावर वाघ आहे की मांजर, हे ते कधीही पाहत नाहीत. त्यांची नजर सरळ खिशावर असते आणि खिशात ‘विकासनिधी’ असेल तर कपाळावर विंचू गोंदलेला माणूससुद्धा संस्कारक्षम ठरतो. परदेशातील शाळा इतक्या उदार नसतात.

मजकुराची निवड जपून करावी. तुम्ही इंग्रजीचे शिक्षक असाल तर हातावर इंग्रजी सुविचार अवश्य असावा आणि ‘बिलीव्ह’ या शब्दात आय आणि ई यांची अदलाबदल झालेली असावी. मुलाखत घेणाऱ्याला तेवढ्यावरच पुढचे प्रश्न वाचवता येतात. आखातात जायचे असेल तर स्वतःचे नाव अरबीत गोंदवून घेण्याचा मोह होतोच. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि तिची बहुतेक अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात; संगणकावरून उतरवून घेताना ती अनेकदा सुटी होतात आणि उलट्या क्रमाने बसतात. परिणामी, तुमच्या दंडावर जे उमटते ते वाचायला अरबाला आरसा लागतो आणि आरसा घेऊनही अर्थ लागत नाही. तरी त्याला ते आवडेल, अशी आशा ठेवावी. इस्लामच्या बहुसंख्य परंपरांत कायमचे गोंदण निषिद्ध मानतात आणि मेंदी मात्र चालते, हे तुम्हाला विमानात शेजारी बसलेला सहप्रवासी सांगेल. त्याआधी ते जाणून घेऊन प्रवासातला गप्पांचा विषय घालवू नका.

मनगटावर स्वस्तिक असेल तर जर्मनीचा विचार करावा. तिथे नाझी चिन्हाचे जाहीर प्रदर्शन हा फौजदारी गुन्हा आहे. आपले स्वस्तिक वेगळे, शुभ, हजारो वर्षांचे आहे आणि हे सांगताना तुमची बाजू शंभर टक्के खरीच असेल. फक्त प्रत्येक नव्या तुकडीच्या प्रत्येक पालकाला ते स्वतंत्रपणे सांगावे लागेल. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी घालताना हिंदू, बौद्ध आणि जैन स्वस्तिकाला कायद्यातच सूट दिली, म्हणून तिकडे अर्ज करणे शहाणपणाचे वाटेल. पण तुम्ही शहाणपणासाठी हा लेख वाचत नाही, असे मी गृहीत धरतो.

जपानचे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवे. तिथे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत, गुन्हेगारांना शिक्षा म्हणून गोंदत असत. पुढे १८७२ मध्ये सरकारने गोंदण्यावरच बंदी घातली आणि ती १९४८ मध्ये उठली, पण तोवर याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांनी गोंदण आपलेसे करून टाकले होते. आजही अनेक सार्वजनिक स्नानगृहांत टॅटूवाल्याला प्रवेश मिळत नाही. ओसाकाच्या महापौरांनी २०१२ मध्ये महापालिकेच्या कर्मचाऱ्यांकडून लेखी माहिती मागवली होती, की तुमच्या अंगावर टॅटू आहे काय आणि असल्यास कोठे. दुसऱ्या वर्षी होक्काइदोत तर एका स्नानगृहाने न्यूझीलंडहून आलेल्या, तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेच्या जाणकार बाईंनाच चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे दारातून परत पाठवले. त्यांच्या देशात २०२० मध्ये हनुवटीवर तसेच गोंदण असलेल्या नानाया माहुता परराष्ट्रमंत्री झाल्या. म्हणजे हनुवटीवरच्या रेघांनी एका देशात परराष्ट्र खाते सांभाळता येते आणि दुसऱ्या देशात गरम पाण्याच्या टाकीत उतरता येत नाही. तुमच्या दंडावरच्या वाघाने यातला नेमका कोणता देश गाठावा, हे त्यालाच ठरवू द्या.

दक्षिण कोरियात तर सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये टॅटू गोंदणे ही वैद्यकीय कृती ठरवली होती, त्यामुळे डॉक्टर नसलेल्याने सुई हाती घेणे बेकायदा झाले. आपल्याकडच्या उमेदवारांनी मात्र तिथली काळजी करू नये. इंग्रजी संभाषण शिकवण्याचा परवाना तिथे मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो आणि त्यांत भारत नाही. तुमचे इंग्रजी तुमच्या पासपोर्टवरच नापास होते. टॅटूपर्यंत पाळी येत नाही.

जागेबाबत माझा आग्रह कोपर ते मनगट या पट्ट्याचा आहे. पुष्कळ जण पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यावर विसंबतात आणि मुलाखत निभावून नेतात. पण शिक्षकाचा हात हा कारकुनाच्या हातासारखा टेबलावर पडून राहत नाही. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला तो उचलला, की बाही चार बोटे खाली घसरते आणि वाघाची शेपटी दिसते. विषयाचे नाव लिहीपर्यंत मागचे पाय दिसतात. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला डोळे दिसतात तेव्हा तास सुरू होऊन दोन मिनिटेही झालेली नसतात आणि त्या वर्गाने वर्षभरात तुमच्याकडे इतक्या एकाग्रतेने पाहिल्याचा तो एकमेव प्रसंग असतो. झाकायचेच असेल तर त्वचेच्या रंगाचा लेप मिळतो. आमच्याकडच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर, तो लेप साडेअकरापर्यंत मनगटावर आणि बारापर्यंत हजेरीपटावर असतो.

लेझरचा मार्ग आहेच. लेझर शाईच्या कणांचे बारीक तुकडे करतो आणि ते तुकडे वाहून नेण्याचे काम शरीरातल्या पेशी करतात. यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा आणि निळा चिवट असतात. टॅटू गोंदवायला जे पैसे लागले त्याच्या अनेकपट पैसे तो घालवायला लागतात, त्यामुळे हा खर्च परदेशातल्या पहिल्या पगारातून करण्याचे बहुतेकांनी ठरवलेले असते. पहिला पगार टॅटू गेल्याशिवाय सुरू होत नाही, एवढी किरकोळ अडचण त्यात आहे.

कागदपत्रांचे म्हणाल तर पासपोर्टच्या अर्जात दिसणारे ओळखचिन्ह विचारतात. तिथे आपण गालावरचा तीळ शोधत बसतो आणि हातभर पसरलेला वाघ सांगायला लाजतो. पदवी प्रमाणपत्राची तऱ्हा निराळीच. अमिरातीत नोकरी करायची तर त्यावर राज्याचा शिक्का लागतो, मग दिल्लीतल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग दूतावासाचा. सगळे फेरे संपल्यावर त्या कागदाची पाठ अशी गोंदलेली असते, की तेवढी शाई तुमच्या पाठीवर असती तर तुम्हाला कोणी शाळेच्या फाटकातून आत घेतले नसते. कागदावर मात्र जितकी शाई जास्त तितका तो विश्वासू.

माझ्या भाच्याने हे सगळे सोपस्कार केले. गणिताचा शिक्षक, दंडापासून कोपराखालपर्यंत वाघ, आणि आखातातल्या एका शाळेशी व्हिडिओवर मुलाखत. मे महिना होता. पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून पंखा बंद केला होता. भिंतीचा रंग उडालेला असल्यामुळे मागे सोलापुरी चादर धरायची होती. तिचे एक टोक खिळ्याला होते आणि दुसरे माझ्या हातात, पडद्याच्या चौकटीबाहेर. भाच्याने पांढराशुभ्र, पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, की अंगावर दिसेल असा टॅटू आहे काय. ‘नाही,’ असे तो ठामपणे म्हणाला.

पंधराव्या मिनिटाला माझी आई त्याच्यासाठी ताकाचा पेला घेऊन सरळ चौकटीत शिरली. कपाळावर तिचे हिरवे गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके, हातावर तुळशीवृंदावन. पलीकडच्या बाई एकदम पुढे झुकल्या. त्यांनी आईला जवळ यायला सांगितले, कपाळ दाखवायला सांगितले, हात दाखवायला सांगितला. किती सुंदर, किती अस्सल, शाळेच्या संस्कृती सप्ताहात मुलांना दाखवण्यासारखे, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी पडद्याचे छायाचित्रही घेतले. आईने पदर सारखा करून मला विचारले, ‘‘पगार किती देनार म्हनं?’’ मी चादर सोडून तिला खुणेने गप्प केले, तेव्हा भिंत दिसली.

भाचा तोवर घामाने इतका निथळत होता, की सदरा दंडाला चिकटून आरपार झाला होता आणि वाघ मिशांसकट आजीच्या शेजारी बसून कॅमेऱ्याकडे पाहत होता. बाईंचा चेहरा हळूहळू बदलला. आजींना नमस्कार सांगा, निर्णय ईमेलने कळवू, असे त्या म्हणाल्या. सातवीच्या मुलांना अपूर्णांकांचा भागाकार कसा शिकवाल, हा प्रश्न येणार म्हणून त्याने आदल्या रात्री एका कडक भाकरीचे आठ तुकडे करून ताटात तयार ठेवले होते. ते आम्ही संध्याकाळी शेंगाचटणीबरोबर खाल्ले.