मावशी नेमक्या कुणाच्या?

गेल्या महिन्यात ठाण्याहून निरोप आला. आईच्या ओळखीतल्या सात-आठ पालकांनी मिळून बदलापूरच्या पुढे एक जागा पाहिली आहे. कुणाचा मुलगा सीपी (सेरेब्रल पाल्सी), कुणाची मुलगी ऑटिस्टिक, सगळी 'मुलं' तिशी-चाळिशीची. त्यांच्यासाठी कायमचं निवासस्थान बांधायचं. चोवीस तास कर्मचारी, बाग, दोन गाई, आठवड्यातून दोनदा डॉक्टर. परदेशातल्या भावंडांनी प्रत्येकी काही लाख द्यावेत, अशी विनंती. खाली आईची स्वतःची ओळ होती: "माझ्यानंतर त्याचं कोण, हा प्रश्न तरी सुटेल."

'तो' म्हणजे माझा दादा. वय एक्केचाळीस, राहायला ठाण्यात, नौपाड्यात. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. हातपाय मनासारखे चालत नाहीत, बोलणं सवयीच्या माणसालाच कळतं, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. मी अकरा वर्षं स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला आहे. पैसे अजून पाठवलेले नाहीत. फोनवर कारण सांगायला गेले की तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून लिहून काढते आहे.

आपल्याकडे दिव्यांगांबद्दल भांडण होतं ते बहुतेक आकड्यावर. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० मिळायचे, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी त्याचे २५०० झाले. आंदोलकांची मागणी ६००० ची होती. मागणी रास्तच आहे. पण दादासाठी सकाळी आठ ते रात्री आठ येणाऱ्या मावशींना आम्ही अठरा हजार देतो, त्यांना पाठवणाऱ्या ब्युरोचं कमिशन वेगळं. म्हणजे ६००० मिळाले असते तरी मावशी दहा दिवस आल्या असत्या. उरलेले वीस दिवस आई. आई आता बहात्तरची आहे. दुसरं भांडण शब्दाचं: अपंग की दिव्यांग. त्यावर दादाचं मत एका ओळीचं आहे. "दिव्य मी कुठे, दिव्य तर आई करते रोज."

माझं म्हणणं या दोन्ही भांडणांच्या बाहेरचं आहे, आणि ते मला सुचलेलं नाही, शिकवलं गेलं आहे. स्वीडनला आले तेव्हा माझी भाषा मोडकी होती. मोडक्या भाषेत जी कामं इथे चटकन मिळतात त्यांत पर्सनल असिस्टंटचं, म्हणजे अपंग माणसाला रोजच्या कामांत हात देण्याचं, एक असतं. दोन वर्षं मी एका माणसाकडे ते केलं. पन्नाशीचा, मानेखाली जवळपास काही न हलणारा, नकाशे जमवायचा नाद असलेला. पहिल्या दिवशी मी त्याच्या टेबलावरचा पसारा आवरून ठेवला. आपल्याकडे याला चुणचुणीतपणा म्हणतात. त्याने कुठला कागद कशाखाली होता ते सांगत सांगत सगळा पसारा परत होता तसा मांडून घेतला. वीस मिनिटं गेली. मग म्हणाला, "मला काय हवं ते मी सांगेन. तू ओळखत बसू नकोस."

न सांगता ओळखणारी बाई गुणाची, या संस्कारात मी वाढलेली. ते वाक्य पचायला मला महिने लागले.

तो सिगरेट ओढायचा. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं होतं. पाकीट उघडणं, ओठांत देणं, पेटवणं, राख झाडणं, सगळं माझ्या हातांनी. सुरुवातीला मी लायटर सापडत नसल्याचं नाटक करायचे. (आई, तू हे वाचते आहेस, ठाऊक आहे मला.) एकदा त्याने विचारलं, "तुझ्या नवऱ्याचे लायटर पण असेच हरवतात का?" त्यानंतर हरवला नाही.

आता नौपाड्यात या. आमच्या मावशी चांगल्या आहेत, प्रेमळ आहेत, दिवा स्टेशनहून दोन गाड्या बदलल्यासारखी गर्दी एका गाडीत सोसून येतात. पण त्या दादाच्या मावशी नाहीत. त्या आईच्या आहेत. दादाला कुणाचा फोन आला, त्याने किती खाल्लं, दुपारी मोबाइलवर काय बघत होता, हे सगळं संध्याकाळी आईला सांगितलं जातं. दादाने मामलेदारची मिसळ मागवायला सांगितली तर मावशी आधी आईकडे बघतात. आई नाही म्हणते, कारण तिखटाने त्याला ठसका लागतो आणि ठसका लागला की श्वास अडकण्याची भीती असते. भीती खरी आहे, एकदा तसं झालेलंही आहे. पण ठसका त्याचा, गळा त्याचा, मिसळही त्यालाच खायची. या निर्णयात त्याचं मत तेवढं कुणी विचारत नाही. माणूस तोच, मदत तीच, पगारही जातोच आहे. फक्त हुकूम दुसऱ्याच्या हातात.

इथे स्वीडनमध्ये तो हुकूम फिरवणारा कायदा १ जानेवारी १९९४ पासून लागू आहे. त्याला एलएसएस म्हणतात. ज्याला अगदी मूलभूत गरजांसाठी आठवड्याला वीस तासांहून जास्त मदत लागते, त्याच्या असिस्टंटचा खर्च सरकारी विमा संस्था उचलते. त्याहून कमी असेल तर नगरपालिका. पैसा मदत घेणाऱ्याच्या नावाने मंजूर होतो. स्वतः मालक व्हायचं, सहकारी संस्थेतून असिस्टंट घ्यायचा की खासगी कंपनीकडून, हे तो ठरवतो.

हा कायदा आभाळातून पडला नाही. आडॉल्फ राट्स्का हा मूळचा जर्मन. सतराव्या वर्षी पोलिओ झाला, पुढची पाच वर्षं इस्पितळात गेली, मग कॅलिफोर्नियात शिकला आणि सत्तरच्या दशकात स्टॉकहोमला आला. तिथे त्या काळी 'फोकस' नावाची घरं होती. अपंगांसाठी खास बांधलेले फ्लॅट आणि सगळ्यांना मिळून एकच कर्मचारीवर्ग. घंटा वाजवायची आणि वाट बघायची. संडासला जायचं असलं तरी रांग, पाहुण्यांना कॉफी द्यायची असली तरी रांग. बाहेरून बघणाऱ्याला ती घरं आदर्श वाटत. राट्स्का आणि त्याच्या सोबत्यांना ती घंटाच नको होती. १९८४ मध्ये त्यांनी 'स्टिल' ही संस्था काढली, आणि १९८७ पासून वीसेक सभासदांनी, घरपोच मदतीवर नगरपालिका जो पैसा खर्च करत होती तोच हातात घेऊन, आपापले असिस्टंट नेमून दाखवले. कायदा त्याच्या मागून आला. बदलापूरचा आराखडा वाचताना मला पहिली आठवली ती घंटा.

आणि 'स्टिल' ही सहकारी संस्था होती, हे ऐकून मराठी माणसाने खरं तर कान टवकारायला हवेत. साखर सहकारात, दूध सहकारात, पतपेढ्या सहकारात, राहती इमारत सहकारात. आयाबायांचे ब्युरो तेवढे दलालांच्या हातात.

आपल्याकडे कायदाच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम काढून बघा. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच एका ठिकाणी राहण्याची सक्ती तिच्यावर होऊ नये, आणि वैयक्तिक साहाय्यासह घरी मिळणाऱ्या सेवा तिच्या आवाक्यात असाव्यात यासाठी सरकारने प्रयत्न करावा, असं त्यात लिहिलं आहे. चोविसाव्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याचाही उल्लेख आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं एकोणिसावं कलम तर सांगतं की घर नाही किंवा घरचे घेत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. आम्हा ठाणेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय गावात असल्यामुळे "ठाण्याचा का? कधी सोडलं?" हा विनोद कॉलेजात असताना प्रत्येकाने ऐकलेला असतो. त्या विनोदातलं 'सोडलं' मात्र कित्येकांच्या वाट्याला आलं नाही.

पण कलम कपाटात आणि दादा घरात. अठरा पूर्ण झाल्यावर त्याचं बँकेत खातं काढायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी त्याच्याकडे न बघता आईला विचारलं, "गार्डियन सर्टिफिकेट आणलंय?" राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. त्यात सीपी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान माणसालाही पालक नेमता येतो, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे जावं लागतं. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी ती सोय आहे, आणि आईला दोष देण्यात अर्थ नाही, तिला सगळीकडून हाच सल्ला मिळाला. पण ज्याला शेअर बाजार कळतो त्याच्या सहीपुढे पालकाची सही लागावी, हे पुढे आठ वर्षं चाललं. शेवटी दुसऱ्या एका शाखेतल्या तरुण मॅनेजरने दादाशी अर्धा तास बोलून, म्हणजे दादाने मोबाइलवर टाइप केलेलं शांतपणे वाचून, त्याच्या एकट्याच्या नावाने खातं उघडून दिलं. नियम तोच होता. वाचणारा वेगळा होता.

इमारतीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. सोसायटीच्या सभेत उतरणीचा विषय तीनदा निघाला, तीनदा टू-व्हीलरचं पार्किंग जिंकलं. आता पुनर्विकास होणार आहे, तेव्हा बघू म्हणतात. नौपाड्यात सगळंच आता पुनर्विकासात होणार आहे.

स्वीडनचं गुणगान करून मी थांबले तर ते खोटं होईल. १९९७ मध्ये इथे कायदा करून मतिमंद व्यक्तींच्या मोठ्या संस्था १९९९ अखेर बंद करायचं ठरवलं, ते झालं, हे खरं. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत असिस्टन्सवर कात्री चालली आहे. मूलभूत गरज कशाला म्हणायचं, हे मिनिटांत मोजलं जातं. श्वास घ्यायला लागणारी मदत मूलभूत गरजेत पूर्णपणे धरायची की नाही, असा वाद इथे झाला, आणि शेवटी कायद्यात दुरुस्ती करूनच तो मिटला. श्रीमंत, शहाण्या देशातली ही गोष्ट आहे. शिवाय हे हात कुणाचे, तेही बघावं. माझ्याबरोबर सोमालिया, इराक, फिलिपिन्समधून आलेल्या बाया होत्या. आम्हाला करारातला पगार, रजा, रात्रपाळीचा जादा दर होता; आमच्या मावशींना यातलं एकही नाही. दादाचं स्वातंत्र्य मावशींच्या बिनपगारी रजेवर उभं राहिलं तर ते मला नको आहे.

आणि एकटेपणा. त्या माणसाकडे नाताळच्या संध्याकाळी जेवायला मी होते, जादा दराने. आम्ही दोघांनी हेरिंग मासा खाल्ला आणि टीव्ही पाहिला. आठ वाजता माझी पाळी संपली, दुसरी आली. दादा आयुष्यात एकदाही एकटा जेवलेला नाही. हे वाक्य मी आईला अभिमानाने ऐकवायचे. आता लिहिताना ते दोन वेळा वाचलं. एकदाही नाही.

आईचा प्रश्न खोटा नाही. वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, दिव्यांग मुलांसाठी शिक्षण आणि थेरपी एका छताखाली. अशी केंद्रं पाहिली की वाटतं, लहानपणाची सोय आपण हळूहळू शिकतो आहोत. चाळिशीची सोय अजून आईच आहे. म्हणूनच आईबाप जागा शोधत बदलापूरच्या पुढे जातात. त्यांना मुलांना दूर लोटायचं नसतं, त्यांना रात्री झोप हवी असते. पण ठाण्यात एवढे हात आहेत, एवढे पगार आत्ताच दिले जात आहेत; महापालिकांना दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावाच लागतो. त्यातून वीस जणांना स्वतःचे मदतनीस स्वतः नेमू द्यायला गाई लागत नाहीत. आणि हेही सांगते: ज्यांना सतत सोबत लागते, ज्यांचं म्हणणं कळून घ्यायलाच वर्षं जातात, त्यांचं काय, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. 'त्यांच्यासाठी संस्थाच बरी' हे उत्तर घाईचं आहे, एवढंच मी म्हणते.

लाख पाठवण्याऐवजी मी जूनपासून एक केलं आहे. दर संध्याकाळी चार तास कळव्याचा एक कॉलेजातला मुलगा दादाकडे येतो. जाहिरात दादाने लिहिली, तीन जणांच्या मुलाखती त्याने घेतल्या, दोघांना नाकारलं. पैसे मी दादाच्या खात्यात भरते, पगार दादा यूपीआयने देतो, आणि मुलाला पहिल्या दिवशी सांगितलं आहे की आईला काही सांगायचं नाही. आईने त्याच्याशी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी चहा दिला.

परवा इथल्या दुपारी साडेचारला, म्हणजे तिकडे रात्री आठला, आईचा फोन.

"तो कुठे आहे?"

"मला काय माहीत?"

"साडेसहाला खाली उतरवून घेतलंय त्या पोराने. तळावपाळीला असेल म्हणून मी खिडकीत उभी. फोन उचलत नाही."

"कापत असेल तर ठीक असेल गं."

"दोनदा कापला," आई म्हणाली. मग जरा थांबून, "मिसळीचं दुकान किती वाजता बंद होतं गं?"