भूकंपाआधीची ४० मिनिटं: इशारा होता, की रेघ चुकली?

सध्या फिरणाऱ्या एका फॉरवर्डचा आशय असा: २०११ च्या जपानच्या भूकंपाआधी ४० मिनिटं जीपीएस उपग्रहांनी वातावरणाच्या वरच्या थरातली खळबळ टिपली होती, तंत्रज्ञान तयार आहे, सरकारं दडवून ठेवतात.

'आधी टिपली होती.' टिपली नव्हती, नंतर शोधली. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २:४६ ला ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. होक्काइडो विद्यापीठाचे कोसुके हेकी यांनी त्यानंतर जपानच्या दाट जीपीएस जाळ्याच्या नोंदी चाळल्या. उपग्रहाचे दोन फ्रिक्वेन्सींचे सिग्नल आयनोस्फिअरमधून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना कमीअधिक रेंगाळतात. त्या फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन आहेत ते कळतं. भूकंपाआधी सुमारे ४० मिनिटं ते वाढू लागले, असं हेकींना दिसलं.

वाढले, पण कशाच्या तुलनेत? मेख इथेच आहे. आधीच्या आणि नंतरच्या नोंदींवरून एक वक्ररेषा काढली आणि मधला भाग तिच्या वर गेला, त्याला वाढ म्हटलं. पण नंतरच्या नोंदी बिघडलेल्या होत्या. समुद्र उसळला, त्याची ध्वनिलहर दहाएक मिनिटांत आयनोस्फिअरला पोचली आणि तिथले इलेक्ट्रॉन बराच वेळ घटले. रेषेचं एक टोक अशा खड्ड्यात रोवलं, की मधली सपाट जमीनही टेकाड दिसते. कामोगावा आणि काकिनामी या जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये हाच आक्षेप घेतला. हेकींनी वेगळ्या पद्धतीने पुन्हा मांडणी केली. वाद अजून मिटलेला नाही. तो मिटेल तेव्हा मिटो, पण २:०६ ला इशारा द्यायचा तर ३ नंतरच्या नोंदी आणायच्या कुठून?

'वर खळबळ म्हणजे खाली भूकंप.' आयनोस्फिअरला ढवळतो तो मुख्यतः सूर्य. जपानच्या त्या भूकंपाच्या दिवशीही भूचुंबकीय वादळ, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात उठणारी खळबळ, चालू होतं, हे फॉरवर्डमध्ये सोयीस्करपणे गाळलं आहे. भारतावर तर प्रश्न आणखी अवघड, कारण चुंबकीय विषुववृत्त (जिथे पृथ्वीचं चुंबकक्षेत्र जमिनीला समांतर असतं ती रेषा) देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं आणि इलेक्ट्रॉनांचं प्रमाण इथे रोजच मोठे हेलकावे खातं.

'मग किल्लारी वाचली असती.' नाही. हेकींचा दावा सुरुवातीला अतिप्रचंड भूकंपांपुरता होता, पुढे ७ तीव्रतेपर्यंत खाली आला. १९९३ चा किल्लारीचा भूकंप त्याहूनही लहान होता. दावा शंभर टक्के खरा धरला, तरी किल्लारी त्यात बसत नाही.

'सरकारं दडवतात.' हेकींचा शोधनिबंध २०११ मध्येच छापून आला. जगभरातल्या असंख्य जीपीएस केंद्रांच्या नोंदी कुणालाही उतरवून घेता येतात.

'तंत्रज्ञान तयार आहे.' यात थोडं तथ्य आहे, पण ते भूकंपानंतरच्या कामासाठी. त्सुनामीची लाटही आयनोस्फिअर हलवते. नासाची 'गार्डियन' यंत्रणा जीपीएससारख्या सिग्नलमधून ती खूण शोधते. जुलै २०२५ मध्ये रशियातल्या कामचात्काला ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा लाटा हवाईला पोचण्याआधीच तिने त्सुनामी ओळखली होती.