उत्तर छी बुडालं ते काय एकट्या फेंग श्याओल्यानमुळे?

चीनच्या उत्तर छी घराण्याचा विषय निघाला की गाडी शेवटी येऊन थांबते ती फेंग श्याओल्यानवर, म्हणजे राजा गाओ वेईच्या लाडक्या उपपत्नीवर, आणि मला दर वेळी राग येतो. गोष्ट अशी की ५७६ मध्ये शत्रूने, म्हणजे पश्चिमेच्या उत्तर चौ राज्याने, छीच्या पिंगयांग शहराला वेढा घातला, राजा गाओ वेई तेव्हा हिच्याबरोबर शिकारीला गेलेला, निरोपावर निरोप येत होते आणि ही म्हणाली अजून एक फेरी होऊ दे. पिंगयांग गेलं. मग ते परत घ्यायला छीचं सैन्य आलं, भुयार खणून तटाचा भाग पाडला, सैनिक आत घुसणार तेवढ्यात राजाने थांबवलं, कारण हिला बघायचं होतं आणि हिचा मेकअप व्हायचा होता. तोवर आतल्यांनी ओंडके लावून खिंडार बुजवलं. इतिहासात हे लिहिलेलं आहे, मी नाकारत नाही. पण सैन्य थांबवायचा हुकूम कोणाचा होता? आणि मुळात हे राज्य त्याच्या चार वर्षं आधीच आतून संपलं होतं हे कोणी का बोलत नाही?

हे घराणं टिकलं जेमतेम २७ वर्षं, ५५० ते ५७७. गाओ यांगने पूर्व वेईच्या राजाला बाजूला करून येह शहरात गादी घेतली तेव्हा उत्तर चीनमधला श्रीमंत, दाट वस्तीचा भाग यांच्याकडे होता, पश्चिमेचं राज्य तुलनेत गरीब. हिवाळ्यात पीत नदी गोठली की पश्चिमेचे लोक काठावर उभे राहून बर्फ फोडायचे, छीचं घोडदळ चालत येईल म्हणून. गाओ यांगचा भाऊ गाओ झान गादीवर आला आणि उलटं झालं, आता बर्फ छीचे लोक फोडायला लागले! दहा-बारा वर्षांत एवढा फरक, आणि फेंग श्याओल्यानचं तेव्हा दरबारात नावही नव्हतं.

मला सगळ्यात जास्त हलवतं ते यांच्या घरात जे चाललं होतं ते. गाओ यांग सुरुवातीला हुशार राजा, नंतर दारूने पूर्ण वाया गेला, पण ५५९ मध्ये मरताना भाऊ गाओ यानला म्हणाला की गादी हिसकावायची तर हिसकाव, फक्त माझ्या पोराला मारू नकोस. गाओ यानने गादी पण घेतली आणि पुतण्याला पण मारलं. मग ५६१ मध्ये स्वतः घोड्यावरून पडून मरायला टेकला तेव्हा त्याने गाओ झानला लिहिलं की माझ्या बायकापोरांना नीट सांभाळ, आधीच्यांसारखं करू नकोस. गाओ झानने ५६४ मध्ये त्याच्या पोराला मारहाण करून संपवलं. वाचताना पोटात कालवतं हो.

असल्या घरात वाढलेला गाओ झानचा मुलगा गाओ वेई. त्याला कर्तबगार माणसाची भीतीच वाटणार ना! सेनापती हुलू ग्वांग हा तर त्याचा सासरा, राणीचा बाप. पश्चिमेचा सेनापती वेई श्याओक्वान याने गाणं पसरवलं की शंभर शेंग आकाशात उडतील, तेजस्वी चंद्र छांगआनवर, म्हणजे पश्चिमेच्या राजधानीवर, चमकेल. शेंग आणि हू ही मोजायची मापं, शंभर शेंग म्हणजे एक हू, म्हणजे हुलू ग्वांगच्या आडनावातलं अक्षर, आणि तेजस्वी चंद्र हे त्याचं दुसरं नाव. अर्थ काय, तर हा राजा होणार. येहमध्ये पोरं ते गाऊ लागली, दरबारातल्या झू तिंगने त्यात स्वतःच्या ओळी जोडल्या, राजाची दाई लू लिंगश्वान हिनेही कान भरले. ५७२ मध्ये घोडा भेट देतो म्हणून बोलावलं आणि आभार मानायला आलेल्या माणसाला धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारलं. घराची झडती घेतली तर निघालं काय? १५ धनुष्यं, मेजवानीत नेमबाजीला लागणारे १०० बाण, ७ तलवारी, राजानेच दिलेले २ भाले, आणि बोरीच्या फांद्यांच्या २० जुड्या. त्या कशाला, तर नोकराने बाहेर कोणाशी भांडण केलं की चूक कोणाची हे न विचारता त्यालाच झोडपायला. या माणसावर बंडाचा आरोप!

पुढच्याच वर्षी लानलिंगचा राजपुत्र गाओ छांगगोंग. ५६४ मध्ये लोयांगजवळ फक्त ५०० घोडेस्वार घेऊन वेढा फोडणारा, ज्याच्या मुखवट्याचं नृत्य जपानमध्ये आजही होतं तो. राजाने विचारलं शत्रूत एवढा आत घुसलास, भीती नाही वाटली? तो म्हणाला घरचं काम होतं, लक्षातच आलं नाही. 'घरचं' या शब्दाने राजाच्या मनात संशय बसला. ५७३ मध्ये त्याला विष पाठवलं, आणि त्याच वर्षी ह्वाय नदीच्या दक्षिणेचा मुलूख दक्षिणेतल्या छन राज्याने घेतला.

आता सांगा, ५७६ ला पिंगयांगच्या तटाखाली फेंग श्याओल्यान वेळेवर आली असती तरी सैन्याला घेऊन लढायला उरलं होतं कोण?

हुलू ग्वांग मेल्याची बातमी छांगआनला पोचली तेव्हा तिथला राजा यूवेन योंग याने आनंदाने राज्यभर कैद्यांना माफी दिली होती. ५७७ मध्ये तोच राजा येहमध्ये शिरला. त्याने हुलू ग्वांगला मरणोत्तर मोठी पदवी दिली आणि त्या फर्मानाकडे बोट दाखवून म्हणाला, हा माणूस जिवंत असता तर मी येहला पोचलो असतो का?