ट्रॅक बांधून दिला की पोरं रस्त्यावर सुधारतील म्हणे

पुण्यात किंवा एक्सप्रेसवेवर कुठलीतरी महागडी गाडी कुणाला उडवते आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो. एक पार्टी म्हणते असल्या गाड्यांवर बंदीच घाला, जिथे लिमिट १०० ची तिथे २५० पळणारी गाडी विकताच कशाला. दुसरी पार्टी, म्हणजे गाड्यांचे शौकीन, म्हणते पोरांना हौस भागवायला जागाच नाही, महाराष्ट्रात एक चांगला रेस ट्रॅक बांधा मग बघा रस्त्यावरचा धिंगाणा थांबतो की नाही. मग कुणीतरी मला टॅग करतं, "सांग रे तुमच्या अमेरिकेत कसं असतं", कारण मी न्यू जर्सीत राहतो आणि माझी सेकंडहँड माझदा मियाटा (छोटी दोन सीटची स्पोर्ट्स कार) घेऊन एका स्पोर्ट्स कार क्लबच्या ट्रॅक इव्हेंटला जातो हे सगळ्यांना माहितीये.

तर सांगतो, पण दोन्ही पार्ट्यांना आवडणार नाही.

आम्ही जातो वॉटकिन्स ग्लेनला, न्यूयॉर्क राज्यात वर डोंगराळ भागात, घरापासून चारेक तासांवर. ५.४ किलोमीटरचा ट्रॅक, दोन्ही बाजूंना निळे लोखंडी कठडे, १९६१ ते १९८० इथे फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रांप्री व्हायची. आता शनिवार-रविवारी आमच्यासारखे हौशे येतात. लोकांना वाटतं पैसे भरले, हेल्मेट घातलं आणि सुटलो. पण सकाळी पहिली लाईन असते तपासणीची आणि तिथेच निम्मी हवा जाते. एक माणूस गाडी जॅकवर घेतो, चाक वरून-खालून धरून गदागदा हलवतो, बेअरिंग ढिलं झालंय का बघायला. ब्रेक पॅड किती उरलेत, ब्रेक ऑइल सहा महिन्यांच्या आत बदललंय का, बॅटरी घट्ट बसलीये का, चाकाचा एकेक नट टॉर्क पान्याने नीट आवळलाय का. गाडीतली सुटी वस्तू न वस्तू बाहेर, फ्लोअर मॅटसुद्धा, कारण ते ब्रेकच्या पेडलखाली सरकू शकतं. माझ्या डॅशबोर्डवरचा गणपती डबल टेपने चिकटवलेला होता, तोही काढायला लावला. काढला, डब्याच्या पिशवीत ठेवला, काय करणार. हेल्मेटवर ठरलेल्या स्टँडर्डचं स्टिकर नसेल तर गाडी कितीही लाखांची असो, तुम्ही प्रेक्षक. आमच्या क्लबला १८ च्या आतल्याला चालवायला मिळत नाही आणि दिवसाचा ट्रॅक बंद होईपर्यंत दारूचा थेंब चालत नाही, प्यायलेला दिसलात की घरी.

मग ड्रायव्हर्स मीटिंग, कुठला झेंडा म्हणजे काय. आणि नवख्या ग्रुपात शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसलेलाच असतो, फुकट काम करतो, बदल्यात त्याला स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवायला वेळ मिळतो. माझा इन्स्ट्रक्टर सत्तरीचा, अगदी शांत माणूस, हेडसेटमधून दिवसभर एकच धोशा, "नजर वर, नजर वर." म्हणजे बॉनेटपुढचा रस्ता बघू नकोस, पुढचं वळण जिथे संपतं तिथे बघ. ब्रेक सरळ असतानाच मारून संपव, मग वळ. चढावरची ती एसेसची नागमोडी वळणं संपून लांब सरळ पट्टा येतो, मियाटासारखी बारकी गाडीपण तिथे ताशी १६०-१७० ला जाते, आणि शेवटी बस स्टॉप नावाचं आवळलेलं वळण, तिथे पहिल्यांदा ब्रेक मारताना पोटात गोळा येतो तो येतोच. पण ओव्हरटेक कुठेही नाही. फक्त ठरलेल्या पट्ट्यांवर आणि तेही पुढच्याने खिडकीतून हात काढून खूण केली तरच. आपल्याकडे घाटात ट्रकवाला हात बाहेर काढून "जा" म्हणतो ना, अगदी तस्सं. हे मी इन्स्ट्रक्टरला सांगितलं तर त्याला इतकं आवडलं की दुपारी जेवताना त्याने ते सगळ्यांना ऐकवलं.

टायमिंग घ्यायला बंदी असते. लॅप किती सेकंदांत मारली हे कळूच नये अशी व्यवस्था, कारण कळलं की माणूस इरेला पेटतो.

खरी सांगायची गोष्ट काळ्या झेंड्याची. आमच्याच ग्रुपात एक नवी कोरी, माझ्या गाडीच्या दहापट किमतीची गाडी होती. एका वळणातून बाहेर पडताना तिची दोन चाकं मातीत गेली. लगेच काळा झेंडा, ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात त्या पिटमध्ये बोलावलं, खिडकीशी वाकून दोन मिनिटं समजावलं, गाडी तपासून परत सोडलं. दुपारी परत तेच, वर साहेब हुज्जत घालायला लागले. त्यांना सांगितलं, तुमचं आज झालं, गाडी ट्रेलरवर चढवा आणि निघा. संपला विषय. तो कोण, कुणाचा कोण, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगून बघितलं नाही, कारण तिथे ते चालत नाही हे त्यालाही माहीत असणार.

आता कल्याणीनगर आठवा. १९ मे २०२४ ची पहाट, १७ वर्षांचा मुलगा, पोर्शे, दोन तरुण इंजिनीअर गेले. गाडीचं पक्कं रजिस्ट्रेशन नव्हतं, १,७५८ रुपये फी भरायची राहिलेली. त्याच दिवशी जामीन, अट काय तर ३०० शब्दांचा निबंध, मग रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप आणि डॉक्टरांना अटक. यात ट्रॅक नसल्यामुळे काय झालं ते मला सांगा. अल्पवयीन मुलाच्या हातात बिननंबरची गाडी, पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे पोटात दारू, आणि "आपलं कोण काय वाकडं करणार" हा घरचा भरवसा. पुण्यात दहा ट्रॅक असते तरी तो मुलगा तिथल्या तपासणीतच बाहेर निघाला असता आणि गाडी घेऊन रस्त्यावरच आला असता ना?

बंदीवाल्यांनाही तेच. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली, ती काय पोर्शेखाली मेली? स्कूटरवरची, पायी चालणारी, ट्रकच्या मागे घुसलेली.

आणि "अमेरिकेत कसं शिस्तीत" हे तर बोलूच नका. इथे वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर मरतात, दर लाख लोकांमागे काढलं तर आकडा भारताच्या जवळपासच, श्रीमंत देशांत फारच वाईट. इतके ट्रॅक असून इथली पोरं रात्री चौक अडवून गाड्या गोल गोल फिरवतातच. वॉटकिन्स ग्लेनची स्वतःची कहाणीही तीच आहे. १९४८ ला इथे गावातल्या साध्या रस्त्यांवरून शर्यत सुरू झाली, दुकानांसमोर फुटपाथवर लोक उभे, आणि १९५२ मध्ये एक गाडी गर्दीत घुसून सात वर्षांचा मुलगा गेला. मग शर्यत गावाबाहेर हलवली, १९५६ ला पक्का ट्रॅक झाला. म्हणजे ट्रॅकने शर्यत रस्त्यावरून उचलली हे खरं, पण ती उघड, जाहीर केलेली शर्यत होती. चोरून रात्री पळवणाऱ्याला ट्रॅक नकोच असतो, त्याला बघणारे हवे असतात.

मला स्वतःला महाराष्ट्रात ट्रॅक हवाय. चेन्नईजवळ आहे, कोइम्बतूरला आहे, ग्रेटर नोएडाच्या सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या तीन ग्रांप्री झाल्या आणि मग हा खेळ की करमणूक या कराच्या वादात गाडं अडकलं. पुण्याच्या पोराने ट्रॅक डेसाठी यातल्या कुठेही जायचं तर हजारावर किलोमीटर, म्हणजे चेष्टाच आहे, तेही ज्या पट्ट्यात गाड्या बनतात तिथून. तेव्हा खेळ म्हणून मागा, खर्चिक आहे हेही कबूल करा (माझे दोन दिवसांचे पाच-सहाशे डॉलर फी, वर ब्रेक पॅड, टायर, इन्शुरन्स वेगळा). कुणाचा तरी जीव गेल्यावर आपली हौस त्याच्या फोटोखाली पुढे सरकवू नका, एवढंच माझं म्हणणं.

यावर ग्रुपवर एकाने विचारलं, की आपल्याकडे ट्रॅक झाला आणि एखाद्या आमदाराच्या पोराला काळा झेंडा दाखवायची वेळ आली तर दाखवणार कोण? आधी तुझं नाव सुचवतो, म्हणाला.