घरावर बोजा चढवीन म्हणणारा मिस्त्री

मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या घराच्या दारावर कंत्राटदाराची चिठ्ठी चिकटवलेली होती: उरलेले 6,400 डॉलर आठवड्यात द्या, नाहीतर घरावर लीन टाकतो. बाथरूमच्या एका भिंतीला टाइल लागलेली, दुसरी उघडी, कमोड गॅरेजमध्ये. लीन म्हणजे सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढतो तसा बोजा. घर विकताना, कर्ज बदलताना आडवा येणारा. बायकोला रात्रभर झोप नाही.

नाशिकहून दादा म्हणाला, "देऊन टाक आणि मोकळा हो." त्याने स्वतः गेल्या वर्षी फर्निचरवाल्याला दोन लाख उचल दिली होती, तो पुन्हा फिरकलाच नाही.

मी दिले नाहीत. कॅलिफोर्नियाच्या परवाना मंडळाच्या साइटवर त्याचा नंबर टाकला, तर तो भलत्याच माणसाचा निघाला. इथल्या कलम 7031 प्रमाणे विनापरवाना कंत्राटदाराला कामाचे पैसे कोर्टात मागताच येत नाहीत, काम कितीही चोख असो. उलट दिलेले पैसेही मालक परत मागू शकतो. तरी धमकी चालते, कारण लीन नोंदवून घेणारं कार्यालय दावा खरा की खोटा हे बघत नाही. नोंदवल्यापासून 90 दिवसांत कोर्टात दावा लावला नाही तर तो लीन निकामी होतो, हे किती जणांना माहीत असतं?

मी कलम लिहून उत्तर पाठवलं. टाइल लावणाऱ्या पोऱ्याची दोन दिवसांची मजुरी मात्र त्याच्याच हातात दिली. गुडघ्यांवर बसून काम त्याने केलं होतं.

असा नियम भारतातही हवा म्हटलं, तर परवाना आला की लाच आली, असं आपल्याकडे लगेच म्हणतात. मला ते पटत नाही. रेरा या घरबांधणीच्या कायद्यामुळे बांधकामातल्या दोषाला बिल्डर 5 वर्षं बांधील असतो, पण घरात फर्निचर, प्लंबिंग करणारा त्यात येत नाही. त्याच्यासाठी ग्राहक आयोगात खेटे घालायचे. इथल्या नियमाला दारात इन्स्पेक्टर लागत नाही: परवाना नाही, तर वसुली नाही. घरदुरुस्तीच्या कामात आगाऊ रक्कमही 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यातली कमी असेल तेवढीच घेता येते. मोठ्या कामांना हे दोन नियम आपल्याकडे लागू करायलाच हवेत.

दादा आता स्वयंपाकघर करून घेतोय. उचल दहा टक्क्यांच्या वर देऊ नकोस, असं काल सांगितलं.

"अरे, तेवढ्यावर इथे कोणी माप घ्यायलाही येत नाही," तो म्हणाला. एकट्या दादाने अडून काय होणार? म्हणून तर कायदा हवा.