‘निम्मंच कॅफिन’ या तक्रारीला लॅबचं उत्तर

नमस्कार. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की कॅफिन सायट्रेटच्या बाटलीवर दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम छापलेलं असताना आमच्या रिपोर्टमध्ये ९.९ आलं, फोनवर ‘मशीन बरोबर आहे’ एवढ्यावर तुमची बोळवण झाली आणि पैसे पाण्यात गेले.

फोनवर तसं उत्तर मिळायला नको होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आकडा मात्र बरोबर आहे, आणि तुमचं औषधही कमी ताकदीचं नाही. कॅफिन सायट्रेट म्हणजे कॅफिन अधिक सायट्रिक ॲसिड. कॅफिनचा रेणुभार १९४.२, सायट्रिक ॲसिडचा १९२.१. म्हणजे २० मिलिग्रॅम सायट्रेटमध्ये कॅफिन असतं जेमतेम १०. एचपीएलसी म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र; त्याच्या कॉलममध्ये, म्हणजे नळीत, हे दोघे वेगळे होतात. सायट्रिक ॲसिड आधीच वाहून जातं, आणि आम्ही ज्या २७३ नॅनोमीटरवर मोजतो तिथे ते डिटेक्टरला जवळजवळ दिसतच नाही. आलेखावर पीक, म्हणजे उंचवटा, येतो तो कॅफिनचा. त्याचं क्षेत्रफळ आम्ही शुद्ध कॅफिनच्या स्टँडर्डशी, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्याशी, ताडतो. तुमचे ९.९ सायट्रेटमध्ये मांडले तर १९.७ होतात.

तुमचा अभिप्राय वाचून मी स्वतः त्या दिवसाची नोंद काढली. स्टँडर्डच्या सहा इंजेक्शनांचा आरएसडी, म्हणजे आकड्यांमधला आपसातला फरक, अवघा ०.६ टक्के होता. स्टँडर्ड निर्जल कॅफिनचंच होतं, तेही पाहिलं. कारण मोनोहायड्रेट या कॅफिनच्या पाणी धरून असलेल्या रूपात साडेआठ टक्के पाणी असतं, आणि ते निर्जल समजून वजन केलं की सॅम्पलमधलं कॅफिन उलट जास्त दिसतं.

चूक झाली ती रिपोर्ट लिहिताना. आम्ही नुसतं ‘कॅफिन’ लिहिलं. ‘कॅफिन बेस म्हणून’, म्हणजे सायट्रिक ॲसिड वगळून, हे शब्द राहिले. हे औषध अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास मध्येच थांबतो तेव्हा देतात, आणि डोस बाळाच्या वजनावर ठरतो. सायट्रेटमध्ये सांगितलेला डोस बेसचा समजून औषध मोजलं तर डोस थेट दुप्पट होतो. अशा औषधाच्या रिपोर्टवर ते शब्द नसणं मला स्वतःला खपत नाही.

दोन्ही आकडे असलेला सुधारित रिपोर्ट आज पाठवतोय, त्याचे पैसे नाहीत. यापुढे क्षाराच्या रूपातल्या प्रत्येक औषधाला दोन्ही आकडे देऊ. तुमचं उरलेलं सॅम्पल जपून ठेवलंय. दुसऱ्या लॅबमध्ये तपासून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, खर्च आमचा. आणि क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्राचा तो आलेख, पाहायचा असेल तर या, मी स्वतः तुमच्यासोबत बसून दाखवतो.