गरोदरपणातील कर्करोगाविषयीच्या संदेशाबाबत खुलासा

गरोदरपणी स्तनाचा कर्करोग निघाल्यास गर्भपात अटळ असतो आणि केमोथेरपीनंतर पुन्हा कधीच दिवस राहत नाहीत, असा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. पहिल्या तिमाहीत बाळाचे अवयव घडत असल्याने केमोथेरपी टाळतात, हे खरे. परंतु त्यानंतर ठरावीक औषधे देता येतात, आणि आई गरोदर असताना तिला कर्करोग झाला होता अशा १२९ मुलांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात त्यांची बौद्धिक वाढ व हृदयाचे कार्य इतर मुलांसारखेच आढळले. मुदतपूर्व जन्माचा बौद्धिक वाढीवरील परिणाम मात्र ही मुले आणि तुलनेसाठी घेतलेली इतर मुले अशा दोन्ही गटांत दिसला, म्हणून प्रसूतीची घाई हीच अनेकदा अधिक काळजीची बाब ठरते. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरील, संप्रेरकाचा परिणाम रोखणारे औषध) आणि किरणोपचार सहसा प्रसूतीनंतरच सुरू करतात.

केमोथेरपीने बीजांडांचा साठा घटतो, वय अधिक असेल तर जास्तच, आणि चालू गरोदरपणात बीजांडे गोठवण्याची सोय नसते. तरीही अनेक स्त्रियांना उपचारांनंतर मूल झाले आहे. भीतीपोटी कोणी उपचार लांबवू नयेत, यासाठी तो संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.